भोये मॅडम आणि गावाचा शब्द

भोये मॅडम आमच्या निंबदऱ्यात ग्रामसेविका म्हणून आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांचं गावाशी वाजलं. पुढे याच गावानं त्यांच्या नावानं फटाके फोडले, आणि त्यानंतर याच गावानं त्यांना कचेरीत कोंडून बाहेरून टाळं ठोकलं. तिन्ही वेळी मी तिथे होतो. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, म्हणजे दाखले-उतारे छापून देणारा. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं.

निंबदरे हे देवळा तालुक्यातलं कांद्याचं गाव. घरं कमी आणि कांद्याच्या चाळी जास्त. मॅडम मूळच्या सुरगाण्याकडच्या, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. चाळिशीच्या, उंच, रुंद खांद्यांच्या. काळी स्कूटी चालवायच्या आणि गावातल्या गावात जातानासुद्धा डोक्याला हेल्मेट घालायच्या. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "बाई लढाईला निघाली." दुपारी डब्यात नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमचा शिपाई नामदेव माळकरी. डब्याचं झाकण निघालं, की तो टाकीचा वॉल्व्ह बघायच्या निमित्तानं बाहेर पडायचा. मॅडम रोज त्याला हाक मारून विचारायच्या, "नामदेव, भाकरी तरी घ्या, कोरडी." तो रोज लांबूनच हात जोडायचा.

त्यांची एक सवय गावाला फार जड गेली. कुणीही अर्ज आणला की त्या तो मोठ्यानं वाचायच्या, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. वाचून झाला की अर्जदाराकडे बघून विचारायच्या, "तुमचं म्हणणं हेच का?" तो हो म्हणाला तरच शिक्का. अर्ज बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असायचा, आणि आपण काय मागतोय ते माणसाला तिथेच पहिल्यांदा कळायचं. भावाच्या वाट्यातली खोली आपल्या नावावर लावायचा अर्ज एकानं आणला होता. मॅडमनी वाचायला सुरुवात केली तेव्हा तो भाऊ दारातच उभा होता. त्या दिवशी कचेरीतल्या दोन खुर्च्या मोडल्या.

राग आला की त्या ओरडत नसत, उलट बोलणं संथ व्हायचं आणि तोंडात माहेरची बोली उतरायची. 'नाही'चं 'नांय' झालं, की मी कीबोर्डवरून हात काढून घ्यायचो.

पहिलं भांडण ग्रामसभेवरून झालं. आमच्याकडे ग्रामसभा कागदावर व्हायची. नामदेव रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, लोक सह्या-अंगठे द्यायचे, आणि सरपंच सुकदेव निकम, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते ठराव सांगायचे. आबा वाईट माणूस नव्हते. गावासाठी स्वतःची विहीर उन्हाळ्यात मोकळी सोडणारे. पण सभा म्हणजे वेळेचा खोळंबा, असं त्यांचं प्रामाणिक मत.

मॅडमनी रजिस्टर कपाटात ठेवलं.

"मॅडम, कागद पूर्ण होतोय ना?" आबा म्हणाले. "मग झालं की."

"आबा, मी जे ऐकलंच नाही ते लिहू कसं?"

पहिल्या सभेला पारावरचे पत्तेवालेच तेवढे आले. माणसं पुरली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला माणसं मोजावी लागत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाई आता तशीच उरकून टाकेल, अशी सगळ्यांची खात्री. पण दुसऱ्या दिवशीपासून मॅडम कांद्याच्या चाळींवर फिरायला लागल्या. तिथे बाया कांदा निवडत बसलेल्या असायच्या. मॅडमही खाली बसायच्या, दोन-चार कांद्यांची पात कापायच्या आणि म्हणायच्या, "सभेला या." सखूआजी नावाची एक म्हातारी तिथे होती, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "आमले कोन इचारस?"

"मी विचारतेय की."

त्या सभेला मारुतीचा सभामंडप निम्मा भरला, आणि निम्म्यात निम्म्या बाया. सखूआजी उठून उभी राहिली आणि म्हणाली की खालच्या आळीत तोटी सोडली की फुसकन वारा येतो, पाणी येतच नाही. मॅडमनी इतिवृत्तात तेच लिहिलं: तोटीतून फुसकन वारा येतो. आबांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "अहो, असं कुठं लिहितात का? तालुक्याला जायचा कागद तो."

"त्या असंच म्हणाल्या."

तालुक्यात ते इतिवृत्त टेबलाटेबलांवर फिरलं म्हणे, सगळे पोट धरून हसले. पण इंजिनिअर मात्र आठवड्याच्या आत आला. खालच्या आळीची पाइपलाइन बदलली गेली, आणि पुढच्या सभेला मंडप पुरेनासा झाला.

मग क्रशरचं प्रकरण आलं. गावाच्या पूर्वेला म्हसोबाची टेकडी आहे. तिच्या उताराला गावाच्या विहिरी. एका ठेकेदारानं तिथे खडी क्रशर टाकायची परवानगी जिल्ह्याहून मिळवत आणली होती. ग्रामसभेनं एकमुखानं ठराव केला: नको. सुरुंगानं विहिरींची झिरपण तुटेल.

तालुक्याहून एक साहेब जीपनं आले. आत बसले, दार लोटून घेतलं. ठेकेदाराचा माणूस जीपमध्येच थांबला होता. साहेब चांगल्या शब्दांत बोलत होते. "मॅडम, दगडाचा अधिकार सरकारचा. ग्रामपंचायतीची हरकत कायद्यात टिकत नाही. उगाच फाइल अडते. इतिवृत्तात एवढंच घ्या, अटींसह सहमती."

"गाव तसं म्हणालं नाही साहेब."

"गावाला काय कळतं?"

"जे कळतं ते म्हणालं. मी लिहिलं."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. "तुमच्या कामाचा अहवाल माझ्याच हातून जातो, विसरू नका."

मॅडमचं बोलणं संथ झालं. "तुम्हाला दिसलं ते तुम्ही लिहा साहेब. मला ऐकू आलं ते मी लिहिलंय. मी बदलणार नांय."

मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी आबांना आणि सदस्यांना बसवून साफ सांगितलं. "भ्रमात राहू नका. आपला ठराव म्हणजे हुकूम नाही. परवानगी द्यायची की नाही ते वरचे ठरवतील, तसाच कायदा आहे. आपण काय म्हणालो एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते कुणाला पुसता येणार नाही याची काळजी मी घेते."

जिल्ह्याला सुनावणी झाली. आबांनी ठराव उभं राहून वाचला, भोये मॅडमसारखाच मोठ्यानं. मागे सखूआजीसकट एक टेम्पोभर बाया. परवानगी नाकारली गेली. त्या दिवशी गावानं मॅडमच्या नावानं फटाके फोडले, आबांनी त्यांना साडी दिली, आणि फाट्यावर एक पत्र्याचा बोर्ड रंगवून लावला: निंबदरे. येथे गावाचा शब्द शेवटचा.

मॅडमनी स्कूटी थांबवली, हेल्मेट काढून बोर्ड वाचला. "आबा, 'शेवटचा' नको. 'मोठा' लिहा."

"का बरं? तुम्हीच शिकवलं आम्हाला."

"मी 'शेवटचा' नव्हतं शिकवलं."

आबा हसले. बोर्ड तसाच राहिला.

त्याच वर्षीच्या लगीनसराईत एक जोडपं लग्नाची नोंद करायला आलं. ग्रामपंचायत हद्दीतल्या लग्नांची नोंद ग्रामसेवकानंच करायची असते, म्हणजे मॅडमच विवाह निबंधक. मुलगी अठराची व्हायला काही महिने बाकी होते. मॅडमनी दाखल्यावरची जन्मतारीख मोठ्यानं वाचली आणि नोंद करायला नकार दिला. मुलगा रडकुंडीला आला, मित्रांनी दमदाटी केली, जाताना स्कूटीची हवा सोडली. मॅडमनी कळवायचं तिथे कळवलं आणि मुलगी घरी पोचली. तिच्या बापानं भर कचेरीत मॅडमचे पाय धरले. पारावर बोलणं सुरू झालं, बाई असावी तर अशी. कायदा तेव्हा गावाला गोड लागला.

पण वर्ष सरायच्या आत दुसऱ्याच एका घरची मुलगी पळून गेली. ती सज्ञान होती, शिकलेली होती, नाशिकला लग्न करून तिथेच राहिली. तिचे वडील केशवराव म्हणजे गावात ज्यांच्या शब्दावर सोयरिकी जमायच्या असा माणूस. त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं, आणि एका सकाळी फवारणीचं औषध घेतलं. मालेगावच्या दवाखान्यात ते वाचले. घरी आले तेव्हा आवाज गेला होता, नुसती घरघर राहिली होती. ती घरघर ऐकून गाव पेटलं.

ग्रामसभा बोलावली गेली. मंडप भरून माणसं रस्त्यावर उभी. एवढी मोठी सभा निंबदऱ्यात कधी झाली नव्हती, आणि लोकांना सभेला यायची सवय मॅडमनीच लावली होती. आबांनी ठराव वाचला. आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होणार नाही. असं लग्न करणाऱ्याला गावातून कसलाही दाखला मिळणार नाही. त्याच्या घरचा नळ तोडला जाईल.

हात वर झाले. मी मागे वळून पाहिलं तर हातच हात. केशवराव एका खांबाला टेकून बसले होते, गळ्याला उपरणं गुंडाळून. त्यांचा हात मात्र खाली होता.

मॅडम उभ्या राहिल्या. "ठराव मी लिहीन, शब्द न् शब्द. पण आत्ताच सांगते, मी तो पाळणार नाही."

कुणालाच नीट ऐकू आलं नाही, असं वाटलं. एकदम कालवा झाला. आबांनी हात वर करून लोकांना थांबवलं. "मॅडम, तुम्ही या सभेच्या सचिव आहात."

"आहे. पण लग्नाची नोंद करताना मी सभेची सचिव नसते, सरकारच्या कायद्यानं तिथं बसते. त्या कायद्यात वय बघायचं सांगितलंय, साक्षीदार बघायला सांगितलेत. आईबापाची सही सांगितलेली नाही. आणि पाणी तर कुणाचंच तोडता येणार नाही."

"म्हणजे गावाचं ऐकणार नाही?"

"या बाबतीत नांय."

मागून कुणीतरी ओरडलं, "क्रशरच्या वेळेला गाव मोठं होतं! आता काय झालं?"

"तेव्हा गाव टेकडीबद्दल बोलत होतं. टेकडी सगळ्यांची आहे. लग्न ज्याचं त्याचं आहे."

"आणि बाप मरतो त्याचं काय?"

मॅडम थांबल्या. त्यांनी केशवरावांकडे पाहिलं. सगळी सभा त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. "त्याला माझ्याकडं उत्तर नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून लिहायला लागल्या.

लिहून झाल्यावर ठराव वाचला. "तुमचं म्हणणं हेच का?"

"हेच!" मंडप दणाणला.

त्याखाली त्यांनी स्वतःचा शेरा लिहिला होता, की हा ठराव राज्याच्या कायद्याविरुद्ध असल्यानं निर्णयासाठी वर पाठवत आहे. तोही वाचला. "आणि हे माझं," म्हणाल्या. पाठिंब्याला कुणी उठलं नाही. बायांच्या बाजूनंसुद्धा नाही.

वरून काही उत्तर येईना. ठराव आणि शेरा दोन्ही कुठल्या तरी टेबलावर पडून होते, आणि इकडे गाव मॅडमशी बोलेनासं झालं. चहावाला कप आणेना. स्कूटीचा आरसा कुणीतरी फोडला. दुपारी मॅडम डबा उघडायच्या आणि नामदेव नेहमीसारखा बाहेर जायचा; आता त्या त्याला हाक मारत नव्हत्या. एकदा मी म्हणालो, "मॅडम, बदली मागून घ्या." त्या म्हणाल्या, "ज्याला मी नकोय त्यानं मागावी."

आणि मग एका सोमवारी सकाळी आबांची मुलगी पल्लवी कचेरीत आली.

बरोबर किरण होता. किरण कांद्याची पिकअप चालवायचा. त्याचे आईवडील सुरगाण्याकडून कांदे काढायला येता येता इथेच राहिलेले, गावाच्या कडेला, सखूआजीच्या शेजारी. म्हणजे तो मॅडमच्याच मुलखातला, मॅडमच्याच जमातीचा. चार दिवसांपूर्वी दोघांनी डोंगरावरच्या देवळात लग्न केलं होतं. साक्षीला किरणचा मामा आणि एक मित्र. तिसरी साक्षीदार सखूआजी, ती मागून चालत येत होती.

मॅडमनी दोघांचे दाखले वाचायला घेतले. नेहमीच्याच आवाजात. "पल्लवी सुकदेव निकम. वय पूर्ण तेवीस." खिडकीबाहेर कुणीतरी थबकलं, मग धावत गेल्याचा आवाज आला.

माझे हात थांबले होते. "मॅडम," मी हळूच म्हणालो, "नाशिकला पाठवा ना यांना. वकिलामार्फत होईल तिकडं."

"माझ्या दारात आलेलं काम दुसऱ्याच्या दारात का ढकलू? टाइप करा संजय."

"आणि मला इथंच करायचंय," पल्लवी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज आबांचाच होता. "मी पळून गेलेली नाही. माझं गाव हे."

लोक जमायला वेळ लागला नाही. आधी पारावरचे आले, मग चाळींवरचे. घोषणा सुरू झाल्या. नामदेव आत येऊन भिंतीला चिकटून उभा राहिला. कुणीतरी दाराची दोन्ही कवाडं ओढून घेतली आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज झाला. मग कुलूप. "बसा आतच! आबा येईस्तोवर कुणी बाहेर यायचं नाही!"

किरणचा मित्र रडायला लागला. मॅडम उठल्या, दार आतून लोटून पाहिलं, परत येऊन बसल्या. "बरं झालं," म्हणाल्या. "आता मधेच दाखला मागायला कुणी येणार नाही. मामा, तुमचं नाव सांगा."

मामांची सही झाली, मित्राची डोळे पुसत झाली. पण लग्न पाहिलेला तिसरा साक्षीदार लागतो, आणि सखूआजी तर बाहेर. मॅडम नुसत्याच पेन धरून बसल्या. बाहेरून दारावर दगड आदळला. एकजण ओरडला, "स्वतःच्या जातीचा म्हणून चाललंय सगळं! ठाऊक आहे आम्हाला!"

मॅडम खिडकीपाशी गेल्या. पुढच्या बाजूला गजांची खिडकी होती, समोर सगळी गर्दी. अगदी संथ आवाजात म्हणाल्या, "हो. आमच्याकडचा आहे. त्याची आई आणि माझी आई एकाच बाजाराला जायच्या. म्हणून त्याचं लग्न लग्न नांय का?"

तेवढ्यात गर्दी हलली. सखूआजी काठीनं माणसं बाजूला करत, अर्वाच्य शिव्या देत येत होती. तिला अडवायला दोघं पुढे झाले, पण त्या वयाच्या बाईला हात कोण लावणार? ती खिडकीपाशी पोचली आणि गजांतून हात आत घातला. "आन इकडं. कुठं देऊ अंगठा?"

"आजी, तुम्ही लग्न पाह्यलंत ना?"

"अक्षता मीच टाक्यात."

मी शाईचं पॅड धरलं. मॅडमनी रजिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं. पण सखूआजीनं अंगठा मागे घेतला. "आधी वाच. मंग अंगठा."

आणि भोये मॅडमनी भर गर्दीसमोर, गजांच्या आतून, सगळी नोंद पहिल्यापासून वाचली. वराचं नाव, वधूचं नाव, वय, कुठे लग्न झालं, कोणापुढे झालं. घोषणा आपोआप थांबल्या. कदाचित शब्द ऐकू यावेत म्हणून असेल, कदाचित त्या आवाजाची गावाला सवय झाली होती म्हणून. सखूआजीनं अंगठा उठवला आणि बोट लुगड्याला पुसलं. मॅडमनी सही केली, शिक्का मारला.

आबांची जीप आली ती त्याच वेळी. ते देवळ्याच्या बाजारात होते. गर्दी फाकली. कुलूप त्यांनीच काढायला लावलं, आणि एकटे आत आले. पल्लवीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मॅडम, ते रजिस्टर द्या."

"देणार नाही आबा."

"गावानं ठराव केलाय."

"केलाय. मीच लिहिलाय."

"मनी पोर शे ती!" आबांचा आवाज फाटला. कचेरीत ते कधी घरच्या बोलीत बोलत नसत.

"तुमचीच आहे," मॅडम म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नोंदीत तिच्या नावापुढं तुमचंच नाव लिहिलंय. आणि ग्रामसभेत तीसुद्धा बसते आबा. तिला कुणी विचारलं नव्हतं."

आबा बाकावर बसले. बाहेर माणसं खोळंबली होती. आबा एक शब्द बोलले असते तर त्या दोघांचं काय झालं असतं, हे आम्हा आतल्या सगळ्यांना कळत होतं, आणि आबांनाही. पल्लवी पुढे आली, त्यांच्या पायाशी वाकली. आबांनी पाय मागे घेतले. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "वाट द्या रे त्यांना."

कुणी हललं नाही.

"वाट द्या म्हणतोय ना!"

किरणची पिकअप फाट्याकडे गेली. तिचा आवाज ऐकू यायचा बंद झाला तेव्हा आबा उठले आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

त्यानंतर वरून उत्तर यायला वेळ लागला नाही. ठराव स्थगित झाला, तीन ओळींचा आदेश. त्याच आठवड्यात मॅडमची बदली झाली, तीही प्रशासकीय कारणास्तव, इगतपुरी तालुक्यात. ठराव चुकीचा होता आणि मॅडमही नको होत्या, असा वरच्यांचा दुहेरी न्याय. निरोप समारंभ झाला नाही. जायच्या दिवशी त्यांनी चार्ज देताना सगळी यादी वाचून दाखवली, मोडक्या पंख्यासकट. नामदेव स्कूटीपर्यंत बॅग घेऊन गेला. केशवराव रस्त्याच्या कडेला उभे होते. मॅडमनी स्कूटी थांबवली. ते काहीतरी बोलले, पण ती घरघर लांबून कुणाला कळली नाही. मॅडमनी मान हलवली आणि गेल्या. काय बोलले, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि केशवरावांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मला त्या एकदाच दिसल्या. घोटीला मेव्हण्याकडे गेलो होतो, वर्षाचा तांदूळ घ्यायला. बसस्टँडवर मॅडम एका म्हातारीला हाताला धरून घेऊन जात होत्या. त्यांची आई. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मॅडमचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. मला पाहून खूश झाल्या, घरचं विचारलं, मुलांचं विचारलं.

मी म्हणालो, "आबा अजून पल्लवीकडं जात नाहीत. काकू जातात. नातू झालाय."

"कळलं," त्या म्हणाल्या. "आबांचा फोन आला होता मला."

मी चकित झालो. "तुम्हाला? कशाला?"

"गावात देशी दारूच्या दुकानाला वरून परवाना येतोय. गावाला नकोय. ग्रामसभेला काय करता येतं, कसा ठराव घ्यावा, विचारत होते. कायद्यात काय बसतं आणि काय बसत नाही, दोन्ही विचारलं त्यांनी. अर्धा तास बोललो."

"पोरीचं काही?"

"नाही. ते नाही काढलं, मीही नाही." आईचा हात दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, "शेवटी म्हणाले, तब्येत जपा. मी म्हणाले, तुम्हीपण."

बस लागली होती. गर्दीनं दार अडवलं होतं, मॅडमनी आईला पुढे घालून खांद्यानं वाट काढली. म्हातारीला खिडकीशी बसवलं, स्वतः उभ्याच राहिल्या. गाडी सुरू झाली तसा मी खिडकीखालून चालत राहिलो. त्या वाकून म्हणाल्या, "संजय, आबांना भेटल्याचं सांगा. त्यांच्या फोनचं आपण बोललो ते मात्र सांगू नका हं. त्यांना वाटू दे, मला एकटीलाच माहीत आहे."

मी हो म्हणालो. बस वळणावर हलली तशी त्यांनी एका हातानं वरचा दांडा धरला आणि दुसरा हात आईच्या डोक्यावर ठेवला, चष्म्याला धक्का लागू नये म्हणून.